अंगणाहून लहान आग

गॅलरीचे दार कुणी उघडायचे, एवढ्यावरून त्या सकाळी बोलणे सुरू झाले, आणि चहा निवायच्या आत ते अशा ठिकाणी जाऊन पोहोचले की गणिती हातातला चमचा तसाच धरून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात उभा राहिला. त्याचे वडील, दादा, पहाटे उठत. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या त्या वृद्धाला दिवसाची पहिली हवा छातीत घेतल्याशिवाय वाचन सुचत नसे. गणितीचा मुलगा रात्रपाळी करून उजाडताना परते आणि बाहेरच्या खोलीत, नेमका त्या दारालगत, डोक्यावरून पांघरूण ओढून झोपे. ही व्यवस्था कित्येक वर्षे कुणाचाही ब्र न निघता चालली होती. गणितीची पत्नी काल आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि ‘ताई चालायला लागेपर्यंत’ यापलीकडे मुक्कामाची मुदत ठरलेली नव्हती.

“आजोबा, ते दार लावा हो. आत्ता कुठे डोळा लागत होता.”

“उजाडलं की माणसानं उठावं.”

“मी उजाडल्यावर घरी येतो. उठू कुठून?”

“मग आतल्या खोलीत नीज.”

“आत तुमची पुस्तकं निजलीयत! त्यांना उठवा आधी.”

गणितीला क्षणभर हसू आले होते. पण मुलगा पांघरुणातून उठून बसला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “तोंडावर नेहमी असं टाकून बोलता, आणि आईजवळ मात्र कौतुक. पहिल्या पगारातून शाल आणली, तेव्हा तिला म्हणालात ना, अशी ऊब जन्मात मिळाली नाही म्हणून?”

“मी?” दादांनी चष्मा काढला. “मी कुणाला काही म्हणालो नाही. ती शाल मला टोचते.”

“मग आई म्हणाली ते?”

“आणि तू तिला सांगितलंस ना, आजोबांची पुस्तकं रद्दीत देऊ नकोस, मला वाचायची आहेत म्हणून?”

“मी? मला त्यातलं अक्षर कळत नाही, आजोबा.”

मग दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. ज्याने ओळख करून दिली तो मध्यस्थच खोटा निघावा आणि दोन पाहुण्यांनी एकाच बाकावर बसून राहावे, तसे. दादा भिंतीला धरून उठले. “धाकट्याला फोन कर,” ते गणितीला म्हणाले, “मी त्याच्याकडे राहीन. त्याच्या घरी दारं पुष्कळ आहेत.” आणि आपल्या खोलीत निघून गेले. मुलाने तोंड भिंतीकडे केले. गॅलरीचे दार धड उघडे नाही, धड बंद नाही, असे वाऱ्यावर हलत राहिले. ते लावावे की उघडावे, हे गणितीला कळेना. कामावर जायची वेळ झाली आहे, हे त्याला त्या क्षणी मोठ्या सुटकेसारखे वाटले.

बसच्या खिडकीशी बसून तो शहर पाहत होता, आणि शहर नेहमीप्रमाणे त्याच्या डोळ्यांत चौकोनाचौकोनांनी उतरत होते. हा त्याच्या व्यवसायाचा दोष होता. अरण्याचा नकाशा चौकोनांत विभागायचा, प्रत्येक चौकोनाला उतार, गवत, वारा आणि ओल यांचे अंक द्यायचे, मग एका चौकोनात आग ठेवून ती शेजारच्या चौकोनात केव्हा जाते ते पाहायचे, यात त्याचे निम्मे आयुष्य गेले होते. त्याच्या पडद्यावरची आग नारिंगी असे. तिला वास नसे, आवाज नसे. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या बातमीसारखी निःशब्द सरकत असे. कधी कधी झोपेतही ती येई. स्वप्नात ती गवतावरून नव्हे, तर पाटीवरच्या रेघांमधून चाले, आणि तो हातात ओला बोळा घेऊन तिच्यामागे पुसत जाई. पण आज चौकोनांवर लक्ष ठरत नव्हते. ‘आमच्या घरात आवाज चढत नाही’ हे वाक्य त्याने किती लोकांजवळ उच्चारले होते! त्यात अभिमान होता, आणि अभिमानाखाली एक निश्चिंत अज्ञान होते, हे आज प्रथमच जाणवत होते. घराची शांतता ही घराची प्रकृती आहे, जसे काही प्रदेश थंडच असतात तसे, असे तो मानत आला. ती कुणी तरी रोज करते आहे, पहाटे अंधारात उठून, अनवाणी, दोन खोल्यांमध्ये ये-जा करत, याची खूण त्याला कुठेच दिसली नव्हती. दिसणार कशी? झालेले दिसते. न झालेल्याला रंग कुठला?

त्याला आता आठवू लागले. पहाटे खुर्ची सरकवल्याचा तो हलका आवाज, जो तो अर्धवट झोपेत ऐके आणि कूस बदले. ती खुर्ची त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन ठेवत असावी, आणि दादांना म्हणत असावी, ‘दादा, आज इकडे हवा छान आहे.’ म्हणजे गॅलरीच्या दाराचा प्रश्न रोज उद्भवत होता आणि रोज, कुणाला न कळता, मिटत होता. एकदा तो तिला म्हणाला होता, “तू दिवसभर करतेस तरी काय गं?” थट्टेनेच म्हणाला होता. तीही थट्टेनेच उत्तरली होती, “काही नाही हो. काही होऊ नये म्हणून बसून असते.” दोघेही हसले होते. बस एका वळणावर कलली आणि त्याने समोरची दांडी धरली.

संस्थेच्या जिन्यावर नकाशेवाली भेटली. अरण्याचे नकाशे काढणारी ही बाई त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण जिभेने कुणाहूनच लहान नव्हती. आयुष्यात काडी न ओढलेल्या या माणसाला तिनेच ‘अग्निहोत्री’ हे नाव ठेवले होते, आणि आता शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला तेच म्हणत.

“काय अग्निहोत्री, आज तुमचा दिवस. नवा शर्ट कुठाय?”

“घालायला विसरलो.”

“बाई घरी नाहीत वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“कॉलर सांगते. बरं, नकाशे टेबलावर ठेवलेत. कड्यावरच्या चौकीवर फुली मारायची तेवढी राहिलीय. म्हटलं, तो मान तुमचा.”

दुपारी बैठक होती. वणवा विझवण्यावर किती खर्च करावा आणि कुठे करावा, हे सांगणारे त्याचे गणिती प्रतिमान आज संचालक स्वीकारणार होते. या उन्हाळ्यापासून साऱ्या अरण्याचा बंदोबस्त त्या प्रतिमानाच्या सल्ल्याने व्हायचा होता, आणि पहिला सल्ला होता कड्यावरची चौकी बंद करण्याचा. वर्षअखेर तो निवृत्त होणार होता. इतक्या वर्षांच्या साधनेचे हे एकच फळ, आणि तेही अगदी वेळेवर पिकलेले.

आपल्या खोलीत बसून त्याने तो परिचित आलेख पुन्हा उघडला. त्याला तो फार प्रिय होता. एक रेषा चढत जाणारी: जितकी माणसे नेमावीत, जितके पाणी डोंगरावर चढवावे, तितका खर्च. दुसरी उतरत जाणारी: जितका बंदोबस्त अधिक, तितकी जळून होणारी हानी कमी. दोहोंची बेरीज केली की एक वाटी तयार होते, आणि वाटीच्या तळाशी तो बिंदू असतो जिथे खर्च आणि हानी मिळून सर्वांत थोडी. शहाणपण म्हणजे तो तळ शोधणे. काही अरण्ये वाचवण्याचा खर्च अरण्याहून मोठा असतो. तिथे हात आखडावा, आणि वाचलेले हात जिथे उपयोगी पडतील तिथे न्यावेत. यात क्रौर्य नाही, विवेक आहे, असे त्याने अनेक व्याख्यानांत सांगितले होते, आणि त्याचा त्यावर अजूनही विश्वास होता. कड्याच्या बाबतीत मात्र वाटीच होत नव्हती. तिथली हानीची रेषा जमिनीसारखी सपाट होती. मागच्या साऱ्या नोंदींत त्या उतारावर एकही वणवा नव्हता. माणसे ठेवा, न ठेवा, हानी शून्यच. मग सर्वांत स्वस्त चौकी म्हणजे चौकी नसणे. प्रतिमानाने हे उत्तर जितक्या ठामपणे दिले होते, तितक्या ठामपणे दुसरे कुठलेच दिले नव्हते. उताराखाली पाड्यासारखी पाच-पन्नास घरे होती, पण जिथे आग लागतच नाही तिथल्या घरांना कसली भीती?

तो त्या सपाट रेषेकडे पाहत राहिला. बाहेर कुणी तरी टेबल ओढले, आणि खुर्ची सरकल्याचा पहाटेचा तो आवाज पुन्हा कानांत जागा झाला. त्यामागोमाग, कसलाही धागा नसताना, कड्यावरची एक दुपार वर आली. फार वर्षांपूर्वी तो एकदाच तिथे गेला होता. चौकीच्या पडवीत घोंगडी अंथरलेली होती. चौकीदार आणि त्याची बायको आळीपाळीने उताराकडे पाहत बसत. खाली वाळके गवत वाऱ्यावर पिवळ्या पाण्यासारखे हलत होते. चढणीने दमलेल्या गणितीला तिथेच झोप लागली. जागा झाला तेव्हा पडवीत कुणी नव्हते. मग चौकीदार खालून वर आला. हातात पानांसकट तोडलेली एक हिरवी फांदी होती, तिची टोके काळी. आणि मनगटावरचे केस गुंडाळल्यासारखे झाले होते.

“कुठे गेला होतात?” गणितीने विचारले होते.

“इथंच, जरा खाली.”

“काय झालं?”

“काही नाही साहेब. तुम्ही निजला होतात, म्हणून हिला म्हटलं, उठवू नको. चहा ठेवते ती.”

आणि त्याने चहा घेतला होता. फांदीविषयी विचारले नव्हते. किंबहुना ती फांदी त्याने त्या दिवशी पाहिलीच नव्हती. ती आज दिसत होती. त्या दिवशी तिथे एक आग लागली होती आणि त्याचा डोळा उघडेतोवर विझली होती, आणि त्याविषयी कुठेही एक अक्षर नव्हते. ते असणारही नव्हते. खात्याचा जुना नियम होता, सगळे वनरक्षक तो तोंडपाठ म्हणत: अंगणाहून लहान आग कळवायची नाही. कारण उघड होते. प्रत्येक पेटलेल्या पाचोळ्याची कथा लिहीत बसायचे तर विझवायला हात कोण लावणार? आणि गणितीलाही तो नियम आवडला होता. बारीकसारीक आगी म्हणजे गोंगाट. त्या वगळल्या की अंक स्वच्छ होतात. अंक किती स्वच्छ झाले होते हे आता त्याला दिसत होते. जिथे राखणारे झोपाळू, तिथल्या आगी अंगणाबाहेर पडून नोंदीत आल्या होत्या, आणि प्रतिमान म्हणत होते: इथे धोका आहे, माणसे पाठवा. जिथे राखणारे जागे, तिथल्या आगी अंगणातच मेल्या होत्या, आणि प्रतिमान म्हणत होते: इथे काहीच नाही, माणसे काढा.

लहानपणी संध्याकाळी दादा त्याला आपल्याजवळ बसवून विचारीत, “डोंगरावर धूर दिसतो. काय समजशील?” तो म्हणे, “आग आहे.” “शाबास. आणि धूर दिसत नाही. काय समजशील?” तो उत्साहाने म्हणे, “आग नाही!” तेव्हा दादा हसून त्याच्या पाठीवर हात ठेवीत. “एवढी घाई नको. नसणं हे एकाच जातीचं नसतं, बाळा. अजून झालं नाही, हे एक नसणं. होऊन संपलं, हे दुसरं नसणं. कधी नव्हतंच, हे आणखी तिसरं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. शहाण्यानं विचारावं, हे कुठलं?” त्या हाताची ऊब या क्षणी पाठीवर स्पष्ट जाणवली, आणि तोच हात सकाळी भिंत धरून चालला होता, हेही. गणितीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे कड्याचा उतार होता, आणि त्यावर असंख्य लहान लहान काळे ठिपके, अंगणाएवढे, अंगणाहून लहान. कुणीतरी निजलेल्या जगावरून पाय न वाजवता हिंडावे आणि जिथे जिथे थांबावे तिथे एक ठिपका उरावा, तसे. ते मोजावेत असे त्याला वाटले. पण ते पाहता पाहता गवताखाली झाकले गेले.

बैठकीच्या खोलीत थंड हवा होती. संचालक प्रसन्न होते. “बोला अग्निहोत्री. आज तुमचंच ऐकायचं. नकाशावर फुली मारा, मी सही करतो, आणि मग सगळ्यांना माझ्याकडून मिठाई.”

गणिती उभा राहिला. “कड्यावरची चौकी बंद करू नये, असं मला वाटतं.”

“का? आग लागते तिथं?”

“लागत असावी.”

“असावी?” संचालकांनी भुवया उंचावल्या. “तुम्हाला ‘असावी’ कधीपासून व्हायला लागलं?” टेबलाभोवती हसू फुटले. “नोंद दाखवा.”

“नोंद नाही. लहान आगींची नोंद आपण ठेवतच नाही. तिथे आगी लागत नाहीत असं मी धरून चाललो. बहुधा लागतात, आणि लगेच विझवल्या जातात. चौकी आहे म्हणून हानी शून्य आहे. मी उलट वाचलं.”

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवले. संचालकांनी नकाशा जवळ ओढला. माणूस हुशार होता. त्याला मुद्दा कळला होता, आणि त्यातून वाट कशी काढायची हेही. “ठीक आहे. कडा वगळू. एक चौकी तुमच्या शब्दाखातर राहू द्या. बाकी सगळं प्रतिमान तर बरोबर आहे?”

गणितीला एका शब्दाचे काम होते. ‘हो’ म्हणावे, कडा वाचतो, घरे वाचतात, आणि आयुष्यभराचे कामही वाचते. त्याने नकाशावर पाहिले. नकाशेवालीच्या रेखीव हाताने रंगवलेले ते चौकोन, प्रत्येकात त्याचा एकेक अंक. आणि प्रत्येक अंक हाताबाहेर गेलेल्या आगींपासूनच शिकलेला. जे साधले ते कुठल्याच चौकोनात नव्हते. कड्यावर चूक नजरेत भरली एवढेच. ती सर्वत्र होती, पाण्यात मीठ असावे तशी.

“नाही,” तो म्हणाला. “सगळंच मागे घ्यावं लागेल. आधी एक उन्हाळा लहान आगी मोजायला हव्यात. प्रत्येक चौकीवर. मग पुन्हा मांडायचं.”

“अहो, तुमच्या निवृत्तीपूर्वी व्हायचं नाही ते.”

“नाही व्हायचं.”

“मग तुमचं नाव…”

“दुसऱ्या कुणाचं तरी लागेल. मांडणी चांगली आहे. अंक चुकलेत.”

संचालकांनी कागदांची चळत हळूच बंद केली. रागावलेल्या माणसापेक्षा निराश झालेल्या माणसाकडे पाहणे कठीण असते. “या उन्हाळ्यात सगळ्या चौक्या आहेत तशा राहतील,” ते म्हणाले, “आणि लहान आगी मोजायची पद्धत तुम्ही लिहून द्या.” एवढे बोलून ते उठले. मिठाईचा विषय निघाला नाही.

जिन्यावर नकाशेवालीने त्याला गाठले. तिचे डोळे ओले होते, पण जीभ जागेवर होती. “जन्मात एकदा काडी ओढलीत अग्निहोत्री, तीही आपल्याच घराला.” मग आवाज उतरवून म्हणाली, “पद्धत लिहाल तेव्हा मला बोलवा. पुढे ते मलाच करायचंय ना.” त्याने मान हलवली. आपण दुःखी आहोत की नाही, याचा तो शोध घेत होता. छातीत जिथे दुःख सापडायला हवे होते तिथे एक रिकामी, स्वच्छ झाडलेली जागा होती, आणि ती कुठल्या जातीची रिकामी आहे हे त्याला सांगता आले नसते.

रस्त्यावर ऊन कलले होते. बस-थांब्याशी उभा असताना पत्नीचा फोन आला. मागे कुणाचे तरी कण्हणे, भांड्यांचे आवाज.

“अहो, जेवलात का?”

“जेवलो. ताईंचं कसं आहे?”

“आज काठी घेऊन दारापर्यंत गेली. शिव्या घालत गेली, पण गेली. आणि घरी? काही नाही ना?”

‘काही नाही’ हे शब्द ओठांवर आयते तयार होते; जन्मभर तेच तर दोघांनी एकमेकांना दिले होते. समोरून एक बस आली आणि गेली. ती त्याचीच होती.

“आहे,” तो म्हणाला. “दादांचं आणि त्याचं वाजलं. शालीवरून आणि पुस्तकांवरून. तू सांगितलेलं सगळं बाहेर आलं.”

ती दबक्या आवाजात म्हणाली, “अगंबाई. शालीचंसुद्धा?”

“शालीचंसुद्धा. टोचते म्हणाले. दादा धाकट्याकडे जातो म्हणतायत.”

“थांबा, मी रात्रीच्या गाडीनं निघते. ताईला शेजारची बघेल. तुम्ही मध्ये काही बोलू नका हं, तुम्हाला जमायचं नाही. मी येते आणि दोघांना…”

“तू येऊ नकोस,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“ताईंना चालू दे. मी बघतो.”

“तुम्ही बघता?” तिच्या आवाजात अविश्वास होता, हसू होते, आणि त्या दोहोंच्या मागे खूप दिवस उभे राहून दमलेल्या माणसाला कुणीतरी पाट पुढे सरकवावा तसे काहीसे होते. “बघता म्हणजे करणार काय?”

“ते माहीत नाही अजून. तू रोज काय काय करत होतीस, ते मला सांगशील?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे हो,” ती म्हणाली, आणि मग, जणू कुणी प्रथमच विचारल्यामुळे तिलाही ते प्रथमच दिसत होते, एकेक सांगू लागली.

पुढची बस त्याने जाऊ दिली. त्याच्या पुढचीही. ऐकत ऐकतच तो चालत निघाला, आणि चालताना मध्येच थांबून, “हे रोज?” असे विचारत राहिला. घराच्या जिन्याशी पोहोचला तेव्हा दिवे लागले होते आणि फोन हातात तापला होता. वरून दोन आवाज येत होते. एक म्हातारा, एक कोवळा. शब्द कळत नव्हते, पण दोन्ही आवाज चढणीच्या पायथ्याशी होते. आजवर असे काही कानावर आले की तो जिन्याच्या वळणावर उभा राहून खिसे चाचपीत असे. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज येई, मग सारे निवांत होई, आणि तो दार लोटी. आज त्या वळणावर त्याचे पाय सवयीने थबकले. आतून कुठलाही तिसरा आवाज येणार नव्हता.

काय बोलायचे ते ठरलेले नसतानाच, घाईघाईने, दोन दोन पायऱ्या चढत तो वर गेला.